ऑर्डिनरी कॉल

एप्रिलचा शेवटचा मंगळवार. सकाळी सव्वाआठला मी इंदूरच्या अन्नपूर्णा भागात बाबांकडे पोहोचले तेव्हा कचरागाडी नुकतीच कोपऱ्यावर वळली होती आणि बाबा रिकामी बादली घेऊन फाटकाशी उभे होते.

“आज दोन मिनट लवकर आली,” ते म्हणाले. “ह्यांना पण घाई झालीये आता.”

मी पोहे आणले होते. त्यांनी पुडा उघडला, वरून जीरावन मसाला भुरभुरला, डॉक्टरांनी मना केलेली शेव नीट बाजूला काढली, पोहे संपवले आणि मग ती शेव वेगळी खाल्ली.

“बाबा!”

“पोह्यांवर मना केली होती. अशी नाही.”

त्यांची बसायची जागा ठरलेली होती. समोरच्या खोलीत, विजेच्या बटणांखाली, वेताची खुर्ची. शेजारी तिपाईवर फोन. वरचा पंखा दर फेऱ्याला बारीक टक् असा वाजायचा. कान कमी झाल्यापासून काही नीट ऐकायचं असलं की बाबा न उठता हात वर करून पंखा बंद करायचे आणि ऐकून झालं की परत लावायचे. बाहेर उन्हाळ्याची गरम लू चालू असली तरी. आईच्या तपासण्यांचा शेवटचा रिपोर्ट मी त्यांना ह्याच खोलीत वाचून दाखवला होता, पंखा बंद असताना.

माझे पणजोबा होळकरांच्या रिसाल्यात होते. बाबा म्हणायचे, आमच्या घरातले घोडे गेले आणि तारा आल्या. ते स्वतः, मालोजीराव, एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात होते. त्यातली पहिली पंधरा ट्रंक एक्स्चेंजवर, म्हणजे दुसऱ्या गावी फोन लावायचा तर आधी नंबर नोंदवून तासन्‌तास थांबावं लागायचं, त्या काळात. नोंदणीच्या तीन पायऱ्या होत्या. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग. जास्त पैसे देणाऱ्याचा फोन आधी लागायचा. ऑर्डिनरीवाला सकाळी नाव देऊन दिवे लागेपर्यंत बसायचा. बाबांनी स्वतःपुरता एक नियम केला होता. तीन अर्जंट लावले की एक ऑर्डिनरी लावायचा, वरच्यांना न सांगता. “थांबायला लावलं तर चालतं,” ते म्हणायचे, “पण माणूस रांगेत आहे हे विसरायचं नाही.”

योगायोग असा की माझं कामही तेच आहे. पलासियाला आमचं ऑफिस आहे. महू, देवास, धार इथल्या छोट्या दवाखान्यांमधून एक्स-रे आणि स्कॅन आमच्याकडे येतात, आमचे डॉक्टर ते बघतात आणि रिपोर्ट परत जातो. येणारं सगळं तळमजल्यावरच्या एका स्विचमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या यंत्रात, गोळा होतं आणि तिथून एकाच तारेवरून तिसऱ्या मजल्यावर चढतं. गर्दी झाली की स्विच चार रांगा लावतो. डॉक्टरांचे कॉल, स्कॅन, ऑफिसचं काम आणि इतर. प्रत्येक रांगेला एक वजन असतं. शंभरातले चाळीस, चाळीस, एकोणीस, एक. ज्या रांगेचं वजन जास्त, तिची पाकिटं, म्हणजे माहितीचे बारीक तुकडे, जास्त वेळा पुढे सोडली जातात. वजन एक असलेल्या रांगेलाही पाळी मिळते. फक्त फार उशिरा.

ती वजनं मी ठरवते.

मोबाइलवर बाबांना ऐकू येईना, म्हणून वर्षापूर्वी मी ऑफिसचा एक जुना रिसीव्हरवाला फोन त्यांच्या घरी इंटरनेटवर जोडून दिला. एक्स्टेंशन दोनशे नऊ. ते उचलून दोन बटणं दाबायचे आणि माझ्या टेबलावर वाजायचं. त्यांना तो फोन फार आवडायचा. रोज सहा-सात वेळा तरी आवडायचा. मिक्सरचं झाकण कुठंय. जयस्तंभाजवळच्या त्या न्हाव्याचं नाव काय होतं. तुझ्या ऑफिसातला तो सांगलीवाला भिया आज मला फोनवर ‘कृपया’ म्हणाला, मी घाबरलो.

त्या मंगळवारी शेव खाऊन झाल्यावर ते म्हणाले, “नीरू, दुपारी तुझ्या लाइनीला काय होतं?”

“काय होतं?”

“तुटते. पण खराब लाइन अशी तुटत नसते. खराब लाइन वेडीवाकडी तुटते. ही मापात तुटते. कोणी थोडी थोडी वाटून देतंय जशी.”

मी बशी उचलून आत गेले. तिथूनच म्हणाले, “नेटवर्क आहे, बाबा. दुपारी लोड असतो.”

“हां,” ते म्हणाले. जरा वेळाने पुन्हा म्हणाले, “लोड तर असतोच.”

दुपारी तीन दहाला माझ्या टेबलावर दोनशे नऊ वाजला. समोर महूच्या एका दवाखान्याचे चाळीस स्कॅन अडकले होते. रिसीव्हरमधून “नी…”, मग काही नाही, मग “…ला सांग…”, मग काही नाही.

“बाबा, आवाज तुटतोय. लाइन खराब आहे. मी संध्याकाळी येते.”

आणि मी ठेवला. सगळा कॉल चाळीस सेकंदांचा.

साडेपाचला मंगलामावशींचा फोन आला. त्या बाबांच्या शेजारी राहतात, संध्याकाळचा चहा त्यांच्या हातचा असायचा. बाबा खुर्चीतच गेले होते. डॉक्टर म्हणाले, साडेतीन-चारच्या दरम्यान. चेहरा शांत होता. रिसीव्हर जागेवर होता आणि बाबांचा हात त्याच्यावर होता.

“एकच समजलं नाही, बाई,” मंगलामावशी नंतर म्हणाल्या. “पंखा बंद करून बसले होते. इतक्या गर्मीत. लाइट तर गेली नव्हती.”

*

तेराव्यानंतर सोमवारी मी कामावर गेले. येताना बाबांचा फोन सोबत आणला होता. ऑफिसची वस्तू होती. वायर त्याच्याभोवती गुंडाळून तो टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवला.

सकाळी सवयीने स्विचची आकडेवारी उघडली. पहिल्या तीन रांगा रिकाम्या होत्या. चौथीत, ‘इतर’मध्ये, पाकिटं थांबलेली दिसत होती. नव्वद हजार.

मी आकडा परत वाचला. पाकिटं रांगेत थांबतात ती सेकंदाच्या काही भागापुरती. तार मोकळी झाली की सर्वांत हलकी रांगही क्षणात रिकामी होते, कारण अडवणारं कोणी नसतं. आणि एवढी पाकिटं ठेवायला त्या स्विचमध्ये जागाच नाही. त्याच्या विसाव्या हिश्श्यालाही नाही. मी काउंटर शून्यावर आणला. पान नव्याने उघडलं. नव्वद हजार.

तीन दहाला माझ्या टेबलावरचा फोन वाजला. पडद्यावर दोनशे नऊ.

मी ड्रॉवर उघडला. बाबांचा फोन आत होता. वायर मी गुंडाळली तशीच होती.

उचलला. आवाज नव्हता, टिचक्या होत्या. सेकंदाला दोन, कधी तीन. काडेपेटी नखाने वाजवावी तशा. मी “हलो” म्हटलं नाही. तासभर रिसीव्हर कानाला लावून बसले, मग फोन आपोआप बंद झाला. चौथ्या रांगेत एक्क्याऐंशी हजार उरले होते.

दुसऱ्या दिवशीही तीन दहा. त्र्याहत्तर नाही, पंच्याहत्तर नाही. बरोबर बहात्तर हजार.

अथर्व माझ्यासोबत काम करतो. तो मूळचा सांगलीचा, इथे येऊन दोन वर्षं झाली तरी पुस्तकातल्यासारखं बोलतो. त्याने तासभर सगळं तपासलं.

“नीरजाताई, ही नोंद चुकीची आहे असं मी म्हणालो असतो,” तो म्हणाला. “पण ती चुकीची असती तर बरोबर नऊ हजारांनी कमी झाली नसती. आणि तार मोकळी असताना ही रांग थांबते का? तिला कोण थांबवतंय?”

“वजन.”

“वजन गर्दीत लागू होतं, ताई. आत्ता गर्दी नाहीये.”

मला ते माहीत होतं. मी आणखी एक हिशोब केला होता, तो त्याला सांगितला नाही. बोललेल्या शब्दांची आम्ही सेकंदाला पन्नास पाकिटं करतो. नऊ हजार पाकिटं म्हणजे तीन मिनिटं. नव्वद हजार म्हणजे तीस मिनिटं. मी दोनशे नऊची त्या मंगळवारची नोंद काढून बघितली. कॉल माझ्या बाजूने तीन वाजून दहा मिनिटांनी तुटला होता. बाबांनी रिसीव्हर खाली ठेवला तीन चाळीसला. मधली तीस मिनिटं त्यांनी मेलेली लाइन कानाला धरून ठेवली होती.

बुधवारपासून मी टिचक्या ध्वनिमुद्रित करू लागले. सोमवार-मंगळवारच्या टिचक्या फोनने आपसूकच साठवल्या होत्या. मधली मोकळी जागा कापून पाकिटं एकाला एक जोडत गेले. हे काम विणकामासारखं आहे, हात चालू राहतात. तीन दिवसांची मिळून नऊ मिनिटं झाली. हेडफोन लावला.

टक्. टक्. टक्. टक्.

पंखा होता.

पंखा, वेताच्या खुर्चीची करकर, लांबून स्कूटर. सहाव्या मिनिटाला अन्नपूर्णाच्या शाळेची सुटल्याची घंटा. ती सव्वातीनला होते. मंगलामावशींच्या स्वयंपाकघरातून भांडं पडल्याचा आवाज. कोणी बोलत नव्हतं. पण रिसीव्हरच्या अगदी जवळ कोणी श्वास घेत होतं, सावकाश. घाई नसलेल्या माणसासारखं.

गुरुवारच्या तीन मिनिटांत बाबा खाकरले.

शुक्रवारच्या तीन मिनिटांत ते म्हणाले, “हां जी. होल्ड करता हूँ.”

शनिवार-रविवारी ऑफिस बंद असतं. मी अन्नपूर्णाच्या घरी गेले, खुर्ची पुसली, पंखा लावून त्याच्याखाली बसले. तो टक् टक् करत होता. बाबांच्या हाताने बटणांच्या भोवतीचा चुना काळा पडला होता. रांग त्या दोन दिवसांत हलली नाही. सोमवारी सकाळी पंचेचाळीस हजार होती आणि माझ्या मेलमध्ये एक पत्र आलं होतं. तळमजल्यावरचा स्विच जुना झाला आहे, शुक्रवारी दुपारी दोन वाजता नवीन बसेल.

स्विचची वीज काढली की रांगेत जे असेल ते जातं. मी मोजलं. गुरुवारपर्यंत सत्तावीस मिनिटं माझ्या हाती आली असती. शेवटची तीन राहिली असती.

*

सोमवार. पंखा. मग बाबांचा आवाज, कामावरचा, स्वच्छ आणि नम्र, तो मी लहानपणी दोन-तीनदाच ऐकला होता. “ऑर्डिनरी.” मग मोकळी जागा. मग, “नहीं जी. ऑर्डिनरी ही.”

मंगळवार. “अर्जंट मत कीजिए. बच्ची को काम रहता है.” मोकळी जागा. बाबा हसले. “हां, मालूम है मुझे. एक्स्चेंज का आदमी हूँ.”

ती फाइल मी बराच वेळ बंद केली नाही.

मालूम है. काय मालूम है, हे मला कळत होतं. गोष्ट मार्चची आहे. एका दिवशी बाबांचे नऊ फोन आले होते. नवव्यानंतर मी स्विचची सेटिंग उघडली. बाबांचा आवाज तोपर्यंत डॉक्टरांच्या रांगेत होता, कारण बोलणं सगळं त्याच रांगेत जातं. एका माणसाच्या बोलण्याने तार भरत नाही. स्कॅनच्या तुलनेत ते काहीच नसतं, समुद्रात एक फुलपात्र. हे मला इतर कोणाहीपेक्षा नीट माहीत होतं. तरी मी दोनशे नऊला तिथून काढलं आणि चौथ्या रांगेत टाकलं, वजन एक. म्हणजे दुपारी, स्कॅनच्या गर्दीत, त्यांचा आवाज तुटावा. तुटला की ते दोन-तीनदा हलो म्हणायचे आणि स्वतःच फोन ठेवायचे. मला कामात आहे असं म्हणावं लागायचं नाही. त्यांना वाईट वाटायचं नाही. कोणीच कोणाला काही म्हटलेलं नसायचं.

सहा आठवडे हे व्यवस्थित चाललं होतं.

बुधवारी मी अथर्वला ऐकवलं. एकट्याने ऐकणं जमेना. त्या दिवशीच्या तीन मिनिटांत नुसता पंखा होता आणि अगदी शेवटी बाबांचा एक प्रश्न.

“मेरे आगे कितने हैं?”

मग मोकळी जागा. मग बाबा म्हणाले, “अच्छा.”

अथर्वने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. जरा दूर ठेवला.

“दुसऱ्या माणसाचा आवाज नाहीये,” तो म्हणाला.

“नाही.”

“पण त्याच्यासाठी जागा सोडलेली आहे. काका थांबतात, कोणीतरी बोलतं, मग काका उत्तर देतात. ती जागा नुसती शांत नाहीये, ताई. तेवढ्या वेळात पंखापण ऐकू येत नाही.”

मी हे ऐकलं नव्हतं. परत लावून बघितलं. खरं होतं.

“शुक्रवार पुढे ढकलता येईल?” मी विचारलं.

“नाही. वरून ठरलंय. दोन वाजता माणसं येतील.” तो खिडकीकडे बघत होता. खाली पलासियाच्या चौकात सिग्नल सुटला होता आणि हॉर्न वाजत होते. “मी फार तर त्यांना चहा पाजू शकतो. चहा, मग कचोरी. पंधरा मिनिटं.”

“पुरे.”

“ताई, मी एक बोलू? राहू द्या. जे आलं तेवढं पुष्कळ आहे. उरलेलं येऊ देऊ नका.”

गुरुवार. तीन दहा. तासभर टिचक्या. मी दार लावून जोडत बसले.

पंखा. श्वास. एक मिनिट काहीच नाही. मग बाबा, हळू, समोरच्याचा राग येऊ नये अशा बेताने:

“नहीं, अभी नहीं. पहले बात हो जाए. फिर चलता हूँ आपके साथ.”

पंखाही थांबलेली ती मोकळी जागा. आतापर्यंतची सर्वांत लांब. सोळा सेकंदं, मी मोजली.

“बेटी है मेरी,” बाबा म्हणाले. “करेगी बात. लगा दीजिए.”

इथे सत्तावीस मिनिटं संपली. चौथ्या रांगेत नऊ हजार उरले.

त्या संध्याकाळी घरी गेले, जेवले, भांडी घासली. मला काय करायचं आहे ते सरळ होतं आणि दोन्ही बाजूंनी वाईट होतं. काही केलं नाही, तर उद्या दोनला वीज जाईल आणि बाबा लाइन धरून बसलेले तसेच राहतील, कुठे ते मला माहीत नाही. त्यांना रांगेतून पुढे घेतलं, तर तीन मिनिटं लागतील आणि त्यानंतर तीन चाळीस होतील. मग ते जातील. कोणासोबत, तेही मला माहीत नाही.

ट्रंक कॉल तीन मिनिटांचा असायचा. तीन मिनिटं झाली की ऑपरेटर मध्ये येऊन सांगायचा.

*

शुक्रवारी दोनला पाच कमी असताना माणसं आली. खालून अथर्वचा आवाज ऐकू आला. “अरे भिया, पहले चाय तो लो.” दोन वर्षांत तो पहिल्यांदा इंदुरी बोलला.

मी सेटिंग उघडली. दोनशे नऊ. रांग चौथी. तिथून काढलं आणि पहिल्या रांगेत ठेवलं, मार्चपर्यंत जिथे होतं तिथे. बटण दाबायला एवढा वेळ लागेल असं वाटलं नव्हतं.

फोन वाजला. तीन दहा झाले नव्हते. दोन वाजले होते.

उचलला.

टिचक्या नव्हत्या. सलग, स्वच्छ, शेजारच्या खोलीतून यावा तसा आवाज होता. पंखा, टक्, टक्, टक्. पडद्यावर आकडा उतरत होता, सेकंदाला पन्नास.

“हलो,” बाबा म्हणाले.

मी रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी धरला.

“हलो. नीरू?”

आठ हजार. वेताची खुर्ची करकरली.

“येतंय का ऐकू?”

सहा हजार.

ते थांबले. श्वास ऐकू येत होता. ह्या माणसाने तरुणपणी हजारो लोकांना थांबायला लावलं होतं आणि त्यांतल्या एकालाही तो विसरला नव्हता.

चार हजार.

“असू दे, बेटा,” बाबा म्हणाले. “काम असेल. मी आहे लाइनवर.”

दोन हजार.

खाली पावलं वाजली. चहा संपला होता.

नऊशे. चारशे. पन्नास.

शून्य.

रांगेत काही नव्हतं. पडद्यावर चारही रांगा रिकाम्या होत्या. येण्यासारखं काही उरलं नव्हतं.

टक्. टक्. टक्.

पंखा ऐकू येत होता.

“बाबा,” मी म्हणाले.

बटणाचा खट् असा आवाज आला.

टक्. टक्. टक्… टक्…… टक्.

पंखा थांबला. आता तिकडे फक्त कान लावून बसलेल्या माणसाचा श्वास होता.

“बाबा, लाइन खराब नव्हती. कधीच नव्हती. लोडमुळेपण नव्हतं. मार्चमध्ये मीच तुम्हाला शेवटच्या रांगेत टाकलं. तुमचा आवाज तुटावा म्हणून टाकलं. तुम्ही फोन करायचात आणि मला ऐकायचं नसायचं.”